तळघरात मॉडेल रेल्वे उभारताना : पहिल्यांदाच हे काम हाती घेणाऱ्यांसाठी

मॉडेल रेल्वेचे, म्हणजे खऱ्या रेल्वेच्या लहान प्रतिकृतीचे, बांधकाम थराथरांनी वर चढत जाते. सर्वांत खाली तळघराची फरशी, तिच्यावर लाकडी सांगाडा, सांगाड्यावर प्लायवुड, त्यावर रूळ, प्लायवुडच्या पोटाशी तारा आणि सर्वांवर डोंगर, झाडे, घरे. यातला प्रत्येक थर आधीचा थर झाकून टाकतो. त्यामुळे खाली राहिलेला दोष नंतर दुरुस्त करायचा म्हटला, तर वरचे तयार काम उखडण्यावाचून गत्यंतर नसते. पुढील टप्प्यांचा क्रम याच विचाराने लावला आहे. गाडी धावताना पाहण्यासाठीच हा सारा खटाटोप असल्याने पुढच्या टप्प्याची घाई होणे स्वाभाविक आहे. तरीही झाकले जाणारे काम तपासल्याशिवाय झाकायचे नाही, एवढे पथ्य सांभाळावे.

१. आधी तळघर, मग गाड्या

तळघर ही आयती मोकळी जागा वाटते खरी, पण मॉडेल रेल्वेचे दोन मोठे शत्रू, ओल आणि धूळ, तिथेच मुक्कामाला असतात. हवेतील ओलाव्याने लाकूड फुगते, कोरड्या दिवसांत ते आकसते आणि त्यावर पक्के बसवलेले रूळ या हालचालीत कुठे उचलले जातात, तर कुठे वाकडे होतात. म्हणून पहिली पट्टी कापण्यापूर्वी भिंतींचा पायथा नीट पाहावा. पांढरा लोणा, रंगाचे पोपडे किंवा बुरशीचा वास आढळला, तर ओलीचे मूळ शोधलेच पाहिजे. त्यासाठी एक सोपी परीक्षा आहे : सुमारे अर्धा मीटर लांबी-रुंदीचा जाड प्लास्टिकचा तुकडा फरशीवर अंथरून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि एक-दोन दिवसांनी तो पाहावा. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब जमले असतील तर ओल जमिनीतून वर येत आहे. वरच्या बाजूला जमले असतील तर हवेतील बाष्प थंड फरशीवर साचत आहे. दुसऱ्या प्रकारात आर्द्रता कमी करणारे यंत्र, म्हणजे डीह्युमिडिफायर, पुरेसे ठरते. पहिल्या प्रकारात मात्र घराबाहेरच्या पाण्याचा निचरा सुधारल्याशिवाय पुढे जाऊ नये. आतून कितीही रंग दिला तरी तो पोपडे धरून सुटतो. स्वस्तातला आर्द्रतामापक भिंतीवर टांगून सापेक्ष आर्द्रता वर्षभर ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राखता येते का, हे पाहावे. वर्षातला सर्वांत दमट काळ त्या खोलीने कसा काढला हे पाहून मगच बांधकाम सुरू करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

यानंतर तळघरातील ज्या वस्तूंपर्यंत हात आणि माणूस पोहोचलाच पाहिजे त्यांची नोंद करावी : मुख्य वीजपेटी, पाण्याचा मुख्य कॉक, बॉयलर किंवा पाणी तापवण्याचे यंत्र, सांडपाण्याच्या नळाचे झाकण, बाहेर पडण्याजोगी खिडकी. यांच्यापुढे लेआउटचा, म्हणजे रुळांसह उभारलेल्या संपूर्ण मांडणीचा, कोणताही कायमचा भाग येता कामा नये. बॉयलरमध्ये उघडी ज्योत असेल, तर फवारणीचे रंग आणि ज्वलनशील द्रव त्या खोलीत मुळीच वापरू नयेत. तुम्ही इथे अनेक तास घालवणार आहात. म्हणून ज्या प्रदेशांत जमिनीतून किरणोत्सर्गी रेडॉन वायू येतो तिथे त्याचे प्रमाणही एकदा मोजून घ्यावे. धूर ओळखणारा अलार्म आणि अग्निशामक नळकांडे यांना पर्याय नाही. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे जॉन ॲलन यांनी आपल्या घराच्या तळघरात उभारलेला लेआउट या छंदाच्या इतिहासात सर्वांत गाजलेल्यांपैकी एक मानला जातो. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर काही दिवसांतच आगीत तो जवळजवळ संपूर्ण नष्ट झाला.

छत, दिवे आणि फरशी यांचे काम आत्ताच उरकावे, कारण सांगाडा उभा राहिल्यावर शिडी ठेवायला जागा उरत नाही. उघड्या तुळयांतून धूळ सतत झिरपते. छताला पॅनेल लावणे शक्य नसेल तर निदान प्लास्टिकचे आवरण ताणून बसवावे. काँक्रीटच्या फरशीला रंग दिला की तिची भुकटी उडणे थांबते. नवे सॉकेट आणि दिव्यांची जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावी, आणि लेआउटचा सारा वीजपुरवठा दाराजवळच्या एकाच बटणाने बंद होईल अशी मागणी करावी.

२. स्केल ठरवणे

स्केल म्हणजे खऱ्या गाडीच्या तुलनेत मॉडेल किती लहान, ते प्रमाण. सर्वाधिक प्रचलित स्केल एचओ आहे : प्रमाण १:८७ आणि रुळांमधील अंतर, म्हणजे गेज, १६.५ मिलिमीटर. एन स्केलचे प्रमाण १:१६० आणि गेज ९ मिलिमीटर. ओ स्केलचे गेज ३२ मिलिमीटर असून त्याचे प्रमाण देशपरत्वे १:४३.५ ते १:४८ असे बदलते. झेड, म्हणजे १:२२०, इतके लहान असते की नवशिक्याने त्यापासून दूर राहिलेले बरे.

निवड करताना खोलीपेक्षा डब्याची लांबी मनात धरावी. २५ मीटर लांबीचा प्रवासी डबा एचओमध्ये सुमारे २९ सेंटीमीटर होतो, एनमध्ये सुमारे साडेपंधरा. दहा डब्यांची गाडी आणि इंजिन उभे राहील असा फलाट एचओमध्ये तीन मीटरहून अधिक जागा घेतो, आणि मोठे वाटणारे तळघर इथे एकाएकी लहान होते. दुसरीकडे एनमधील बारीक चाके धूळ आणि रुळांच्या जोडांतील दोष कमी सहन करतात. पहिल्या लेआउटसाठी मी एचओच सुचवेन. लांब गाड्या आणि विस्तीर्ण डोंगरदऱ्या हेच तुमचे स्वप्न असेल तर एन.

३. आराखडा : हात, वाट, वळण आणि चढ

नवशिक्यांचे बहुतेक आराखडे कागदावर सुंदर दिसतात आणि तळघरात फसतात, कारण त्यांत रुळांना जागा असते पण माणसाला नसते. म्हणून आधी माणसाची वाट आखावी. दोन माणसे एकमेकांना ओलांडू शकतील अशी वाट ७५ ते ९० सेंटीमीटर रुंद लागते. ६० सेंटीमीटरच्या खाली जाऊ नये. हात पोहोचण्याची मर्यादा साधारण ७५ सेंटीमीटर असते, आणि लेआउट छातीच्या उंचीला असेल तर तीही कमी होते. या मर्यादेपलीकडे घसरलेला डबा उचलताना पुढची झाडे मोडतात, हे गृहीत धरून चालावे.

इथेच एक पेच उभा राहतो. गाडी वळवून परत आणायची तर मोठा गोलाकार भाग हवा, आणि तो हाताच्या मर्यादेत बसत नाही. वळणाची त्रिज्या सर्वांत लांब डब्याच्या किमान तिप्पट असावी असा उपयोगी ठोकताळा आहे; २९ सेंटीमीटरच्या डब्याला म्हणजे सुमारे ८७ सेंटीमीटर त्रिज्या, आणि अर्थातच पावणेदोन मीटरहून रुंद भाग. अशा भागाला दोन बाजूंनी वाट ठेवावी लागते, नाहीतर मधोमध माणूस उभा राहू शकेल असे भोक. लहान डबे आणि लहान इंजिनांवर समाधान मानल्यास एचओमध्ये ४६ सेंटीमीटरची त्रिज्याही चालते. मात्र ती निवडली की लांब प्रवासी गाड्यांचा नाद सोडावा लागतो. दोन्ही एकत्र मिळत नाही.

भिंतींच्या कडेने फिरणारी ४५ ते ६० सेंटीमीटर रुंदीची पट्टी हा पहिल्या लेआउटसाठी मला सर्वांत शहाणपणाचा आकार वाटतो. तीत वळणे खोलीच्या कोपऱ्यांत जातात, त्रिज्या मोठी मिळते आणि मधली जागा माणसांना राहते. दारासमोर तेवढा उचलता येणारा किंवा बिजागरीवर फिरणारा पूल करावा लागतो. वाकून खालून जाण्याची सोय सुरुवातीला पुरेशी वाटते. गुडघे कुरकुरू लागले की तिथे जाणेच कमी होते.

चढाचे गणित डोळ्यांना फसवते. एका मार्गावरून दुसरा मार्ग नेण्यासाठी एचओमध्ये पुलाच्या जाडीसह सुमारे १० सेंटीमीटर उंची लागते. २ टक्के चढाने ती गाठायला ५ मीटर लांबी खर्च होते आणि उतरायला तितकीच. चढाच्या सुरुवातीला व शेवटी उतार हळूहळू बदलण्यासाठी लागणारी लांबी वेगळीच. ४ टक्के चढ बांधता येतो, पण त्यावर इंजिन मोजकेच डबे ओढते, आणि चढ वळणावर असेल तर आणखी कमी. दोन मजल्यांचा लेआउट आणि त्यांना जोडणारा हेलिक्स, म्हणजे गोल गोल चढत जाणारा मार्ग, अनेकांना खुणावतो. ७६ सेंटीमीटर त्रिज्येच्या हेलिक्सच्या एका वेढ्याची लांबी सुमारे पावणेपाच मीटर होते. त्यात १० सेंटीमीटर चढल्यास चढ २.१ टक्के पडतो. गणित ठीक आहे, पण पहिल्याच खेपेला हेलिक्सच्या नादी लागू नये.

आणखी एक सापळा म्हणजे डावे वळण संपताच लगेच उजवे वळण. अशा जागी लांब डबे एकमेकांना रुळांबाहेर ओढतात. दोन वळणांमध्ये सर्वांत लांब डब्याइतका सरळ रूळ ठेवावा. ही चूक टर्नआउटच्या, म्हणजे सांधे बदलण्याच्या, जागी नकळत शिरते, कारण दोन टर्नआउट जोडताच असे उलटसुलट वळण आपोआप तयार होते. टर्नआउटवरचा क्रमांक त्याचा कोन सांगतो : ६ क्रमांकात सहा एकक पुढे गेल्यावर रूळ एक एकक बाजूला जातो. मुख्य मार्गावर ६ किंवा त्याहून मोठा क्रमांक आणि यार्डात, म्हणजे डबे उभे करण्याच्या व जुळवण्याच्या जागी, लहान, असे ठरवून ठेवावे.

४. जवळ हवीत अशी कागदपत्रे आणि हत्यारे

कागदपत्रे थोडीच लागतात, पण ती भिंतीवर लावलेली असावीत :

- तळघराचा मोजमापांसह नकाशा, ज्यात खांब, दाराची उघडण्याची दिशा आणि जिना दाखवलेला आहे
- भिंतींतील व छतातील पाइप आणि वीजतारांची छायाचित्रे, पॅनेल लावण्यापूर्वी काढलेली
- रुळांचा खऱ्या प्रमाणातील आराखडा
- वायरिंगची वही, जिच्यात प्रत्येक तारेचा रंग आणि क्रमांक तार जोडतानाच लिहिला जातो

सुतारकामासाठी ड्रिल, जिगसॉ, गुण्या, शिकंजे आणि लांब स्पिरिट लेव्हल हवी. रुळांसाठी रूळ कापण्याची खास पक्कड, बारीक कानस, चाकांचे व रुळांचे अंतर तपासणारे प्रमाणित गेज आणि वळणाच्या त्रिज्येच्या पट्ट्या घ्याव्यात. विजेसाठी ४० वॉटच्या आसपासची सोल्डरिंग इस्त्री, रोझिन असलेली सोल्डर तार, तार सोलण्याची पक्कड आणि मल्टिमीटर पुरतो. आम्लयुक्त फ्लक्स, म्हणजे डाख नीट धरावा म्हणून लावायचा पदार्थ, कधीही वापरू नये. तो जोड आतून खात राहतो. संरक्षक चष्मा या यादीत सर्वांत आधी यायला हवा होता.

५. सांगाडा

दोन पद्धती प्रचलित आहेत. पहिलीत पट्ट्यांच्या चौकटी करून त्या पायांवर ठेवतात. सपाट यार्डासाठी ती सोपी. दुसरी एल-गर्डरची, जी ‘मॉडेल रेलरोडर’ या अमेरिकी मासिकाचे संपादक लिन वेस्टकॉट यांनी १९६० च्या दशकात लोकप्रिय केली. तीत दोन पट्ट्या इंग्रजी एल अक्षरासारख्या जोडून लांब गर्डर करतात, त्यांवर आडव्या पट्ट्या टाकतात आणि त्या खालून स्क्रूने बसवतात. स्क्रू खालून असल्यामुळे वरचे काम झाल्यावरही आडवी पट्टी सरकवता येते, आणि हाच या पद्धतीचा खरा फायदा आहे. नदी, दरी, चढ असे काही करायचे असेल तर हीच निवडावी.

लाकूड सरळ आणि वाळलेले घ्यावे, आणि तळघरातच काही आठवडे ठेवून तिथल्या हवेला रुळू द्यावे. रुळांखाली १२ मिलिमीटर प्लायवुड असेल तर दर ४० सेंटीमीटरला आधार द्यावा. लेआउटची उंची कोपरापासून छातीपर्यंत कुठेही चालते. १०५ ते १२५ सेंटीमीटरमध्ये बहुतेकांना सोयीचे होते. प्रत्येक पायाच्या तळाशी उंची कमी-जास्त करणारा बोल्ट बसवावा, कारण तळघराच्या फरशीला निचऱ्यासाठी मुद्दाम उतार दिलेला असू शकतो. लाकूड बाहेरच्या ओलसर भिंतीला टेकवू नये. बोटभर फट राहू द्यावी. मागची पार्श्वभूमी, म्हणजे आकाशाची पाटी, कोपऱ्यांत गोलाई देऊन आत्ताच बसवावी आणि रंगवावी. गोंद वापरण्याचा मोह टाळून जिथे शक्य तिथे केवळ स्क्रू वापरावेत.

६. रूळ

गाडी नीट धावेल की सतत घसरेल, हे या टप्प्यावर ठरते. म्हणून इथे वेळेची काटकसर करू नये. निकेल सिल्व्हरचे रूळ घ्यावेत. त्यात चांदी नसते, तांबे, जस्त आणि निकेल असते, पण पितळेच्या रुळांच्या तुलनेत त्यांवर चढणारा ऑक्साइडचा थर वीज फारशी अडवत नाही. पाकिटावरचा कोड म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागांत मोजलेली रुळाची उंची : कोड १०० म्हणजे २.५४ मिलिमीटर, कोड ८३ म्हणजे सुमारे २.१ मिलिमीटर. कोड ८३ अधिक खरा दिसतो. कोड १०० जुन्या गाड्यांची जाड चाके सहज पेलतो.

प्लायवुडवर आधी मध्यरेषा आखावी, तिच्यावर कॉर्कची गादी चिकटवावी, आणि कॉर्कवर ॲक्रिलिक सीलंटचा अगदी पातळ थर देऊन रूळ बसवावेत. सीलंट पातळ असला की पुढे पातळ सुरीने रूळ न मोडता उचलता येतात. सुमारे ९१ सेंटीमीटर लांबीचा लवचीक फ्लेक्स ट्रॅक वळणावर वाकवला की आतला रूळ बाहेर डोकावतो. तो कापून कानसने कडा गुळगुळीत करावी. वळणावर जोड येणार असेल तर दोन तुकडे सरळ असतानाच सोल्डर करावेत आणि मग एकत्र वाकवावेत, म्हणजे जोडाजवळ कोन पडत नाही.

सगळेच जोड मात्र सोल्डर करू नयेत. १० मीटर सलग रूळ तापमानात १५ अंश सेल्सियसचा फरक पडल्यास सुमारे अडीच मिलिमीटर लांबतो, आणि खालचे लाकूड ओलाव्याने स्वतंत्रपणे हलत असते. सरळ भागात ठरावीक अंतराने कागदाच्या जाडीएवढी फट ठेवून तो जोड मोकळा सोडावा. टर्नआउट सीलंटने चिकटवू नये. दोन खिळ्यांवर ठेवावा, म्हणजे बिघडल्यावर काढता येतो. त्याच्या नेमक्या खाली आडवी पट्टी येत नाही ना, हे रूळ बसवण्यापूर्वी पाहावे, कारण तिथे सांधे बदलणारी मोटर लावायची असते. प्रत्येक जोडावरून नख फिरवावे. नखाला जे अडते ते चाकाला अडणारच.

७. वीज

साध्या डीसी पद्धतीत रुळांतील व्होल्टेज बदलून वेग ठरतो. त्यामुळे एकाच विभागातील सर्व इंजिने एकदम धावतात आणि दोन गाड्यांसाठी मार्ग विभागून अनेक स्विच लावावे लागतात. डिजिटल कमांड कंट्रोल, म्हणजे डीसीसीमध्ये रुळांत कायम पूर्ण व्होल्टेज असते आणि प्रत्येक इंजिनातील डिकोडर आपल्या पत्त्यावर आलेली आज्ञाच ऐकतो. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९० च्या दशकात या पद्धतीची मानके ठरवल्यामुळे निरनिराळ्या कंपन्यांची साधने एकत्र चालतात. आज नवी सुरुवात करणाऱ्याने डीसीसीच घ्यावे. नव्या डिकोडरचा पत्ता सहसा ३ असतो. तो न बदलता दोन इंजिने रुळांवर ठेवली तर दोन्ही एकदम निघतात आणि नवशिका गोंधळतो.

मुख्य जलवाहिनीतून घरोघरी नळजोड जावेत, तशी तारांची रचना असते. लेआउटच्या खालून २.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या दोन रंगांच्या बस तारा न्याव्यात आणि रुळांच्या प्रत्येक तुकड्याला, निदान दर दीड-दोन मीटरला, सुमारे ०.५ चौरस मिलिमीटरच्या फीडर तारांनी त्यांना जोडावे. रुळांच्या जोडपट्टीवर विजेसाठी विसंबू नये. ती सैल होते, आत मळ साचतो. फीडर रुळाच्या बाहेरच्या अंगाला सोल्डर करावा, नाहीतर चाकाची कड डाखेवर आपटते. पुढच्या रुळाला एक रंग आणि मागच्याला दुसरा, हा नियम पूर्ण लेआउटभर बदलू नये.

गाडी वळसा घालून त्याच मार्गावर उलट दिशेने परत येते, तिथे डावा रूळ उजव्याला भिडतो आणि शॉर्ट सर्किट होते. असा वळसा दोन्ही टोकांना, दोन्ही रूळ कापून वेगळा करावा आणि त्याला ऑटो-रिव्हर्सर, म्हणजे रुळांतील जोडणी आपोआप उलटवणारे साधन, जोडावा. वेगळा केलेला भाग तुमच्या सर्वांत लांब गाडीपेक्षा लांब असला पाहिजे.

काम संपल्यावर नाण्याची परीक्षा घ्यावी : लेआउटच्या प्रत्येक भागात दोन्ही रुळांवर नाणे टेकवताच बूस्टरने, म्हणजे रुळांना वीज पुरवणाऱ्या डीसीसी साधनाने, पुरवठा तोडला पाहिजे. तो तोडत नसेल तर तारा बारीक आहेत किंवा जोड कच्चा आहे. याकडे दुर्लक्ष करू नये. ५ अँपिअर आणि १५ व्होल्ट म्हणजे ७५ वॉट उष्णता एका बिंदूवर साचते आणि प्लास्टिकचा डबा वितळायला ती भरपूर होते.

८. उघड्या लाकडावर चाचणी

देखावा सुरू करण्यापूर्वी काही महिने उघड्या प्लायवुडवरच गाड्या चालवाव्यात, शक्यतो एक दमट आणि एक कोरडा काळ मध्ये जाईल इतके. सर्वांत लांब गाडी दोन्ही दिशांनी चालवावी, मग तीच गाडी मागे ढकलत न्यावी. ढकलताना जे दोष दिसतात ते ओढताना लपून राहतात. घसरण झाली की जागेवर चिकटपट्टीची खूण करावी. एकाच जागी निरनिराळे डबे घसरले तर दोष रुळांचा, निरनिराळ्या जागी एकच डबा घसरला तर दोष चाकांचा. डब्याचे वजनही तपासावे : एचओमध्ये २८ ग्रॅम, अधिक प्रत्येक इंच लांबीमागे १४ ग्रॅम, अशी मानक शिफारस आहे. हलका डबा लांब गाडीच्या मध्यभागी वळणावर आतल्या बाजूला ओढला जातो.

९. देखावा

इथपर्यंत आल्यावर उरलेले काम आनंदाचे आहे आणि त्यात चुका सुधारता येतात, म्हणून थोडक्यात सांगतो. रुळांवर चिकटपट्टी लावून ते झाकावेत. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची जाळी विणून तिच्यावर ओली प्लास्टर-पट्टी पसरली की डोंगर तयार होतो. प्लास्टर वाळताना खोलीतील ओलावा वाढतो, तेव्हा त्या दिवसांत डीह्युमिडिफायर चालू ठेवावा. खडी कोरडी पसरून, ब्रशने स्लीपरच्या खाली बसवून, त्यावर आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हलका फवारा आणि मग पांढरा गोंद व पाणी १:२ प्रमाणात, डिशसाबणाचे दोन थेंब घालून, ड्रॉपरने सोडावे. टर्नआउटच्या हलत्या भागाजवळ खडी टाकू नये. बोगद्यातील मार्गापर्यंत खालून किंवा मागून दोन्ही हात जातील अशी खिडकी ठेवल्याशिवाय डोंगर मिटवू नये.

समोरची दर्शनी पट्टी सर्वांत शेवटी लावावी. टर्नआउटची बटणे आणि हँड कंट्रोलरची सॉकेटे तिच्यावरच बसवावीत, आणि ती गोंदाने न चिकटवता स्क्रूने लावावी, कारण तिच्यामागच्या तारांपर्यंत पुन्हा जावे लागणार असते.